मूत्रपिंडाच्या पेशी, ऑक्सिडेटिव्ह ताण आणि कॅल्शियमचे संकेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्राचे व वैद्यकाचे विद्यार्थी, प्रयोगशाळेत नव्याने काम करू लागलेले संशोधक आणि मूत्रपिंडाच्या विकाराने त्रस्त असलेले रुग्ण यांच्याकडून सातत्याने येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांविषयीची माहिती केवळ विषय समजण्यापुरती आहे, तिच्या आधारे स्वतःचे उपचार बदलू नयेत.

१. ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणजे नेमके काय, आणि तो मूत्रपिंडालाच एवढा का जाणवतो?

ऑक्सिजन वापरणाऱ्या प्रत्येक पेशीत सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी क्रियाशील संयुगे तयार होतात आणि ग्लुटाथायॉन, कॅटालेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन अशी संरक्षक व्यवस्था ती सतत निकामी करत असते. निर्मितीचा वेग या व्यवस्थेच्या आवाक्याबाहेर गेला आणि त्यामुळे पेशीतील प्रथिने, मेद व डीएनए यांचे ऑक्सिडीकरण होऊ लागले, की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

दोन्ही मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का भरते. तरीही हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश भाग त्यांच्याकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक सगळा परत शोषून घ्यावा लागतो. या शोषणासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, पुरवतात. मूत्रपिंडाच्या बाह्य थराला ऑक्सिजन मुबलक मिळतो, पण आतल्या मज्जाभागात त्याचा दाब १० ते २० मिलिमीटर पाऱ्याइतकाच असतो. खर्च मोठा आणि शिल्लक तुटपुंजी अशी ही अवस्था असल्यामुळे रक्तपुरवठ्यातला किंचित बिघाडही येथे लवकर दिसतो. शिवाय नॉक्स-४ नावाचे क्रियाशील ऑक्सिजन निर्माण करणारे विकर मूत्रपिंडात भरपूर असते. २००० मध्ये त्याचे वर्णन प्रथम झाले, तेव्हा या अवयवावरूनच त्याला 'रेनॉक्स' असे नाव देण्यात आले होते.

२. माझ्या रक्ततपासणीत कॅल्शियम योग्य आहे. मग पेशींमधले कॅल्शियमही योग्यच असणार ना?

तसा निष्कर्ष काढता येत नाही. तपासणीत मोजले जाते ते रक्तातील कॅल्शियम. पेशीबाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियम साधारण १.१ ते १.३ मिलिमोलर असते, तर विश्रांत पेशीच्या पेशीद्रवात ते सुमारे १०० नॅनोमोलर असते, म्हणजे जवळजवळ दहा हजार पटींनी कमी. हा प्रचंड उतार पेशी ऊर्जा खर्च करून राखते. रक्तातील आकडा अगदी उत्तम असतानाही आजारी नलिकापेशीतील (मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या अस्तराच्या पेशीतील) कॅल्शियम कित्येक पटींनी वाढलेले असू शकते, आणि कोणत्याही नेहमीच्या रक्ततपासणीत ते दिसत नाही.

३. कॅल्शियमचा 'संकेत' म्हणतात, म्हणजे नक्की काय घडते?

पेशीद्रवातील कॅल्शियम इतके कमी असल्यामुळेच त्याची छोटीशी वाढही पेशीला ठळकपणे कळते. उदाहरणार्थ, अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक पेशीपटलावरील ग्राहीला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटले, की फॉस्फोलायपेज-सी हे विकर आयपी-३ हा छोटा रेणू तयार करते. तो आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलावरील ग्राही उघडतो आणि तेथे साठवलेले कॅल्शियम पेशीद्रवात येते. आयपी-३ची ही भूमिका १९८३ मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींवरील प्रयोगांतून स्पष्ट झाली. साठा रिकामा होऊ लागला, की स्टिम-१ हे प्रथिन ते ओळखते व पेशीपटलावरील ओराय-१ हा मार्ग उघडून बाहेरचे कॅल्शियम आत घेते.

यानंतरची पायरी अनेकदा दुर्लक्षिली जाते. संकेताला जसा आरंभ हवा, तसा शेवटही हवा. सर्का नावाचा पंप कॅल्शियम पुन्हा आंतर्द्रव्यजालिकेत भरतो, पेशीपटलावरील पंप ते बाहेर टाकतो आणि काही पेशींत सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर नेणारे विनिमयक प्रथिनही साहाय्य करते. किती कॅल्शियम आले यापेक्षा ते कोठे आले, किती वेळ राहिले आणि किती लवकर मूळ पातळीवर उतरले, यावर पेशी काय करणार हे ठरते. ऑक्सिडेटिव्ह ताणाचा खरा आघात, माझ्या मते, या उतरण्यावर होतो.

४. ऑक्सिडीकरणामुळे कॅल्शियमच्या यंत्रणेत नेमका कोठे बिघाड होतो?

कॅल्शियम हाताळणाऱ्या बहुतेक प्रथिनांमध्ये सिस्टीन हे अमिनो आम्ल मोक्याच्या ठिकाणी असते. त्यातील गंधकयुक्त गट हायड्रोजन पेरॉक्साइडशी सहज अभिक्रिया करतो, त्यामुळे प्रथिनाचा आकार आणि वागणूक बदलते. आयपी-३ ग्राहीतील असे गट ऑक्सिडीकृत झाले, की तो अधिक संवेदनशील होतो. एरवी ज्या अल्प आयपी-३ने काहीच घडले नसते, त्यानेही साठा सुटू लागतो. सर्का पंपाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. त्यातील ६७४ क्रमांकाच्या सिस्टीनला ग्लुटाथायॉन जोडले गेले, तर पंप वेगाने चालतो आणि हा बदल उलटवता येतो. परंतु ताण तीव्र व दीर्घ असेल, तर त्याच सिस्टीनचे कायमचे ऑक्सिडीकरण होऊन पंप मंदावतो. पेशीपटलावरील पंपही ऑक्सिडीकरणाने निष्क्रिय होत जातो, आणि एटीपी हे पेशीला ऊर्जा पुरवणारे संयुग कमी पडले, तर दोन्ही पंपांवर दुहेरी संकट येते. पाणी आत येण्याची भोके मोठी व्हावीत आणि त्याच वेळी उपसणाऱ्याचे हात थकावेत, अशी पेशीची अवस्था होते.

यात टीआरपीएम-२ या मार्गाची भर पडते. ऑक्सिडेटिव्ह ताणाने डीएनएला इजा झाली, की दुरुस्तीच्या प्रक्रियेतून एडीपी-रायबोज मुक्त होते आणि तेच टीआरपीएम-२ उघडून कॅल्शियमला आत येऊ देते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत हा मार्ग नसलेल्या प्राण्यांच्या मूत्रपिंडांना रक्तपुरवठा खंडित झाल्यावर कमी इजा झाली.

मात्र ऑक्सिडीकरण सर्वच मार्ग उघडते असे समजू नये. ओराय-१मधील १९५ क्रमांकाच्या सिस्टीनचे ऑक्सिडीकरण झाले, तर तो मार्ग उलट बंद होतो. त्याचा भाऊबंद ओराय-३ याच्यात ते सिस्टीनच नसल्यामुळे त्याच्यावर तसा परिणाम होत नाही. हे निरीक्षण मूत्रपिंडाबाहेरील पेशींवरचे आहे, पण तत्त्व सर्वत्र महत्त्वाचे आहे: एकच पेरॉक्साइड एका पेशीत कॅल्शियम वाढवू शकते आणि दुसरीत त्याचा ओघ रोखू शकते, त्या पेशीत कोणती प्रथिने आहेत, यावर ते ठरते.

५. आधी काय बिघडते, ऑक्सिडीकरण की कॅल्शियम?

दोन्ही बाजूंनी सुरुवात होऊ शकते आणि एकदा ती झाली, की दोन्ही परस्परांना खतपाणी घालतात. ऑक्सिडीकरण कॅल्शियम कसे वाढवते, ते प्रश्न ४ मध्ये आले आहे. उलट दिशेने पाहिल्यास, वाढलेले कॅल्शियम तंतुकणिकांत शिरून तेथील सुपरऑक्साइडची निर्मिती वाढवते. ते फॉस्फोलायपेज-ए२ला चेतवून पटलातील मेद तोडते. आणि नॉक्स-५ या विकराला तर कॅल्शियम थेट चिकटून कार्यरत करते. त्यामुळे पहिले कारण शोधण्यापेक्षा हे चक्र कोणत्या टप्प्यावर तोडता येईल, हा प्रश्न मला अधिक उपयुक्त वाटतो.

६. या साऱ्यात तंतुकणिकांचा एवढा उल्लेख का होतो?

कारण पेशी जगणार की मरणार, याचा निर्णय बहुतेक वेळा तेथे होतो. तंतुकणिका आंतर्द्रव्यजालिकेला अगदी खेटून असतात. आयपी-३ ग्राहीतून सुटलेले कॅल्शियम त्या अरुंद फटीत क्षणभर खूप दाटते आणि एमसीयू नावाच्या मार्गाने आत ओढले जाते. या मार्गाचे मुख्य प्रथिन २०११ मध्ये ओळखले गेले. योग्य मात्रेत हे कॅल्शियम हितकारक असते, कारण ते पायरुव्हेट डिहायड्रोजनेजसारखी विकरे चेतवून एटीपीचे उत्पादन मागणीनुसार वाढवते.

मात्रा ओलांडली आणि सोबत ऑक्सिडेटिव्ह ताणही असला, तर आतील पटलात मोठे छिद्र उघडते. सायक्लोफिलिन-डी हे प्रथिन त्या छिद्राचे नियमन करते. छिद्र उघडे राहिले, की विद्युतविभव कोसळतो, एटीपी बनणे थांबते, तंतुकणिका फुगतात आणि पेशीमृत्यूकडे वाटचाल सुरू होते. केवळ कॅल्शियम किंवा केवळ ऑक्सिडीकरण यांपेक्षा दोन्ही एकत्र असताना हे छिद्र फार सहज उघडते. सायक्लोफिलिन-डीचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची मूत्रपिंडे रक्तपुरवठा तोडल्यानंतर अधिक चांगली तगली, हा याला भक्कम आधार आहे.

७. मूत्रपिंडातील सर्व पेशींवर सारखाच परिणाम होतो का?

नाही, आणि 'मूत्रपिंडाची पेशी' असा सरसकट उल्लेख केल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो.

समीपस्थ नलिकेच्या, म्हणजे गाळणीलगतच्या पहिल्या भागाच्या, पेशी ऊर्जेसाठी मुख्यतः मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणावर अवलंबून असतात. ग्लुकोज विघटित करून ऑक्सिजनविना निभावून नेण्याची त्यांची क्षमता तोकडी आहे, त्यामुळे एटीपी घटताच त्यांचे कॅल्शियम पंप अडखळतात. या नलिकेचा सरळ शेवटचा भाग आधीच ऑक्सिजनची टंचाई असलेल्या पट्ट्यात असल्यामुळे सर्वांत आधी बळी पडतो. जेंटामायसिनसारखी औषधे मेगालिन या ग्राहीमार्फत याच पेशींत साठतात आणि तेथे ऑक्सिडेटिव्ह ताण निर्माण करतात.

गाळणीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या पोडोसाइट पेशींचा विचार मी विशेष आग्रहाने करायला सांगेन. त्यांच्या पायांसारख्या शाखा एकमेकींत गुंतून प्रथिनांना अडवणारी जाळी बनवतात, आणि पूर्ण वाढ झालेल्या मूत्रपिंडात नष्ट झालेल्या पोडोसाइटची जागा सहज भरून निघत नाही. २००५ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखवले, की टीआरपीसी-६ या कॅल्शियम मार्गाच्या जनुकातील बदलांमुळे काही कुटुंबांत ग्लोमेरुलसला, म्हणजे या गाळणीला, व्रण पडणारा आनुवंशिक आजार होतो. त्यांतील अनेक बदलांमध्ये मार्ग गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम आत सोडतो. ज्यांचे जनुक निर्दोष आहे, त्यांच्यातही अँजिओटेन्सिन-२ आणि नॉक्स विकरांनी निर्माण केलेले पेरॉक्साइड याच मार्गाची क्रिया वाढवू शकते. आत आलेले कॅल्शियम कॅल्सिन्युरिन या विकराला चेतवते, ते एनफॅट या प्रथिनाला केंद्रकात पाठवते आणि एनफॅट पुन्हा टीआरपीसी-६चेच उत्पादन वाढवते. अशा रीतीने अल्पकाळाचा ताण दीर्घकाळाच्या दोषात बदलतो, पेशीचा सांगाडा विस्कळीत होतो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात.

दूरस्थ नलिकेत, म्हणजे गाळणीपासून दूरच्या भागात, कॅल्शियम हे संकेतही असते आणि वाहून न्यायचा मालही. गाळलेल्या कॅल्शियमपैकी सुमारे दोन तृतीयांश समीपस्थ नलिकेत पेशींमधल्या फटींतून परत जाते. दूरस्थ भागात मात्र ५ ते १० टक्के कॅल्शियम थेट पेशीच्या आतून नेले जाते. टीआरपीव्ही-५ या मार्गातून शिरलेले कॅल्शियम कॅल्बिंडिन हे प्रथिन धरून ठेवते, म्हणून एवढी वाहतूक होऊनही मुक्त कॅल्शियम बेसुमार वाढत नाही.

८. मग क्रियाशील ऑक्सिजन हा पूर्णपणे शत्रूच समजावा का?

समजू नये. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड नॅनोमोलर पातळीवर नेहमीच असते व सामान्य संदेशवहनात भाग घेते. सिस्टीनवरचे सौम्य बदल उलटवता येतात आणि सर्का पंपाप्रमाणे कधी ते उपकारकही असतात (प्रश्न ४). ताण मर्यादेत असेल, तर एनआरएफ-२ हे प्रथिन केंद्रकात जाऊन संरक्षक जनुके जागी करते. अपाय सुरू होतो तो मात्रा, कालावधी आणि ठिकाण यांची मर्यादा सुटल्यावर.

९. रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यावर पेशी सावरायला हवी. ती आणखी का बिघडते?

रक्तपुरवठा बंद असताना एटीपी घटते, सोडियम व कॅल्शियम पेशीत साचतात आणि तंतुकणिकांत सक्सिनेट हे ऊर्जानिर्मितीतील मधले संयुग जमा होते. उंदरांच्या मूत्रपिंडासह अनेक अवयवांत हे २०१४ मध्ये दाखवले गेले. ऑक्सिजन परतताच साचलेले सक्सिनेट झपाट्याने जळते, इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने रेटले जातात आणि सुपरऑक्साइडचा एकदम भडका उडतो. याच वेळी पेशीतील आम्लता निवळते. ऐकायला हे चांगले वाटते, पण आम्लतेनेच आतापर्यंत तंतुकणिकांचे छिद्र दाबून ठेवलेले असते. कॅल्शियम भरलेले, ऑक्सिडीकरणाचा भडका उडालेला आणि आम्लतेचे संरक्षण गेलेले, अशा त्या काही मिनिटांत प्रश्न ६ मधील छिद्र उघडण्याची शक्यता सर्वाधिक असते.

१०. तसे असेल तर अँटिऑक्सिडंट गोळ्या घेऊन मूत्रपिंड वाचवता येईल का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि उत्तर निराशाजनक असले, तरी ते स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. अँजिओग्राफीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या रंगद्रव्यापासून मूत्रपिंडाचे रक्षण व्हावे म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट वर्षानुवर्षे दिले जात असे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिझर्व्ह' या चाचणीत सुमारे ५,००० रुग्णांमध्ये त्याचा कोणताही लाभ दिसला नाही. एनआरएफ-२ चेतवणाऱ्या बार्डोक्सोलोन मिथाइलची 'बीकन' चाचणी दुसऱ्या प्रकारचा मधुमेह व प्रगत मूत्रपिंडविकार असलेल्या २,१८५ रुग्णांवर सुरू होती. औषध घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढल्याने २०१२ मध्ये ती थांबवावी लागली. जीवनसत्त्व 'क'ची मोठी मात्रा शरीरात ऑक्झॅलेटमध्ये रूपांतरित होते आणि दुबळ्या मूत्रपिंडात त्याचे स्फटिक साचून इजा होऊ शकते.

अपयशाचे एक कारण रासायनिक आहे: बाहेरून दिलेला रेणू पेशीतील विकरांच्या वेगाशी क्वचितच बरोबरी करू शकतो, आणि नेमक्या जागी, नेमक्या क्षणी पोहोचणे तर त्याहून अवघड. दुसरे कारण प्रश्न ८ मध्ये आहे, ते म्हणजे उपयुक्त संकेतही त्याबरोबर पुसले जाण्याचा धोका. आपल्या डॉक्टरांना न विचारता अशा गोळ्या घेऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

११. रक्तदाबासाठी मी ॲम्लोडिपिन घेतो. ते कॅल्शियम रोखणारे औषध आहे, मग नलिकापेशींचेही रक्षण होते का?

ॲम्लोडिपिन प्रामुख्याने रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतील एल-प्रकारचे मार्ग रोखते. वर ज्यांची चर्चा झाली, ते टीआरपीसी-६, टीआरपीएम-२ किंवा ओराय-१ हे मार्ग वेगळे आहेत. रक्तदाब कमी होण्याचा फायदा खरा आहे; परंतु २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मधुमेही मूत्रपिंडविकारावरील मोठ्या चाचणीत आयर्बेसार्टनने मूत्रपिंडाचा ऱ्हास ॲम्लोडिपिनपेक्षा अधिक रोखला आणि त्याचे श्रेय केवळ रक्तदाबातील फरकाला देता आले नाही. आयर्बेसार्टन अँजिओटेन्सिनचा ग्राही अडवते, म्हणजे कॅल्शियमची वाढ आणि नॉक्सची चेतना या दोहोंच्या उगमावर काम करते. गाळणीतील दाब कमी होणे हा त्याच्या लाभाचा मोठा भाग आहे, हेही लक्षात ठेवावे. सध्याची औषधे बदलण्याचे हे कारण नाही. अनेक रुग्णांना दोन्ही एकत्र लागतात.

१२. सायक्लोस्पोरिन तंतुकणिकांचे छिद्र रोखते असे वाचले. तेच औषध मूत्रपिंडाला घातक असल्याचेही वाचले. खरे काय?

दोन्ही खरे आहे. सायक्लोस्पोरिन सायक्लोफिलिन-डीला अडवते, त्यामुळे छिद्र सहजी उघडत नाही. ते कॅल्सिन्युरिनलाही रोखते, म्हणून प्रश्न ७ मधील पोडोसाइटच्या साखळीत खीळ बसते; लघवीतून प्रथिने जाण्याच्या (प्रथिनमेहाच्या) काही आजारांत त्याचा उपयोग होतो, त्याचे एक स्पष्टीकरण हेच आहे. परंतु दीर्घकाळ दिल्यास ते गाळणीकडे येणाऱ्या सूक्ष्म धमन्या आकुंचित करते आणि ऊतींत व्रण वाढवते. एखाद्या रेणूचे पेशीतील कार्य आणि अख्ख्या अवयवावरचा परिणाम यांत एवढे अंतर असू शकते.

१३. कॅल्शियम वाढणे नेहमीच वाईट, असे म्हणता येईल का?

एक महत्त्वाचा अपवाद आहे. आनुवंशिक बहुपुटी मूत्रपिंडविकारात (मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या अनेक पिशव्या, म्हणजे पुटी, होण्याच्या आजारात) पॉलिसिस्टिन-१ किंवा पॉलिसिस्टिन-२ सदोष असते. पॉलिसिस्टिन-२ स्वतः आयनमार्ग आहे, आणि या आजारातील नलिकापेशींत कॅल्शियमचा संकेत क्षीण झालेला आढळतो. परिणामी चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो, पेशी विभाजित होत राहतात व पुटींमध्ये द्रव भरतो. ऑक्सिडेटिव्ह ताण येथेही असतो, परंतु कॅल्शियमची दिशा मात्र प्रश्न ४ मधील चित्राच्या उलट आहे.

१४. मुतखडा झाल्यास या यंत्रणेचा काही संबंध येतो का? आहारातले कॅल्शियम बंद करावे का?

ऑक्झॅलेटचे स्फटिक नलिकापेशींना चिकटले, की नॉक्स विकरे चेततात, पेशींना इजा होते आणि इजा झालेल्या पृष्ठभागावर आणखी स्फटिक चिकटतात. आहारातील कॅल्शियम मात्र आतड्यात ऑक्झॅलेटला बांधून त्याचे शोषण कमी करते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या चाचणीत, वारंवार खडे होणाऱ्या व लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या पुरुषांमध्ये, पुरेसे कॅल्शियम आणि कमी मीठ व कमी प्राणिज प्रथिने असलेला आहार हा कमी कॅल्शियमच्या आहारापेक्षा सरस ठरला. त्यामुळे ते स्वतःहून बंद करू नये.

१५. आमच्या प्रयोगात पेरॉक्साइड टाकल्याबरोबर कॅल्शियम वाढले. यावरून काय म्हणता येईल?

वाटते त्यापेक्षा कमी. अनेक प्रयोगांत शेकडो मायक्रोमोलर पेरॉक्साइड एकदम टाकले जाते, तर पेशीतील नेहमीची पातळी नॅनोमोलरमध्ये असते; अशा प्रयोगात संदेशवहनापेक्षा विषबाधा मोजली जाण्याची शक्यता अधिक. वाढवलेल्या पेशींची सवयही वेगळी असते. माणसाच्या समीपस्थ नलिकेपासून मिळवलेल्या एचके-२ किंवा डुकरापासून मिळवलेल्या एलएलसी-पीके१ पेशी ताटलीत बहुतांशी ग्लुकोज विघटनावर जगतात आणि ऊतीपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजनमध्ये वाढतात, त्यामुळे समीपस्थ नलिकेचा मूळचा दुबळेपणा त्यांच्यात पुरता उतरत नाही.

मोजमापाच्या साधनांनाही मर्यादा आहेत. फ्युरा-२ हे कॅल्शियम मोजणारे रंगद्रव्य दोन तरंगलांबींच्या गुणोत्तरावर चालत असल्याने विश्वासार्ह आहे, पण पेशीपटल फाटले, की ते बाहेर गळते. डीसीएफ हे क्रियाशील ऑक्सिजन दाखवणारे रंगद्रव्य कोणत्या संयुगामुळे उजळले, हे सांगता येत नाही. हायपर हा संवेदक पेरॉक्साइडला विशिष्ट आहे, परंतु आम्लता बदलली तरी त्याचा प्रकाश बदलतो; म्हणून त्याचा पेरॉक्साइडला प्रतिसाद न देणारा बदललेला प्रकार सोबत तपासावा. किमान एवढे करावे: पेशीबाहेरील कॅल्शियम काढून टाकून प्रयोग पुन्हा करावा, म्हणजे वाढ साठ्यातून झाली की बाहेरून, हे वेगळे करता येईल, पेरॉक्साइडची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवावी, आणि ते काढून घेतल्यावर कॅल्शियम खाली उतरते का, हे नोंदवल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

१६. उंदरात सिद्ध झालेले माणसात का लागू पडत नाही?

कारणे अनेक आहेत, पण या विषयात एक अगदी ठोस कारण आहे. उंदीर व घुशी यांच्या जनुकसंचात नॉक्स-५ मुळात नसतेच, माणसात मात्र ते असते, आणि ते कॅल्शियमवर थेट चालणारे विकर आहे. म्हणजे कॅल्शियमकडून ऑक्सिडीकरणाकडे जाणारा एक सरळ रस्ता (प्रश्न ५) नेहमीच्या उंदरात अस्तित्वात नाही. म्हणूनच काही संशोधकगट मानवी नॉक्स-५ घातलेले उंदीर वापरतात. दुसरे असे, की प्रयोगात औषध बहुधा इजेच्या आधी दिले जाते, तर रुग्ण येतो तेव्हा इजा होऊन काही तास वा दिवस लोटलेले असतात आणि प्रश्न ९ मधील निर्णायक मिनिटे केव्हाच निघून गेलेली असतात. मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि नियोजित हृदयशस्त्रक्रिया यांत ती वेळ आधीपासून ठाऊक असते, म्हणून या यंत्रणेवरील औषधांची परीक्षा तेथे घेणे मला अधिक योग्य वाटते.